‘जिंजर’चं मूळ शोधायला गेलो आणि हाती ‘मूळ’च लागलं

खलबत्ता:

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय आल्याचा आहे, पण पाककृती नाही, त्यामुळे फोटो मागू नका.

हेलसिंकीत येऊन मला तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या नोव्हेंबरात ऑफिस सुटल्यावर मी आणि मदुराईचा एक सहकारी चहाचं सामान आणायला सुपरमार्केटात गेलो होतो. इथे सुटी भाजी आपली आपण तोलायची असते. पाटीवरचा नंबर लक्षात ठेवायचा, तराजूवर तो दाबायचा आणि निघेल ते स्टिकर पिशवीला लावायचं. मी आल्याचा चांगला पंजाएवढा गड्डा ठेवला, नंबर दाबला. स्टिकर निघालं: ‘इंकिवॅरी’, वजन, किंमत. ते माझ्या रोजच्या बघण्यातलं, मी काही लक्ष दिलं नाही. सहकाऱ्यानं मात्र ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि तिथेच उभा राहून हसायला लागला. म्हणाला, “अरे, हे तर तमिळ आहे!”

तमिळमध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात आणि मुळाला ‘वेर’. त्याच्या घरी कोणी ‘इंजिवेर’ असं म्हणत नाही, नुसतं इंजी. पण म्हटलंच तर कोणालाही कळेल, आलंमूळ.

मी म्हटलं योगायोग असेल. जगात इतक्या भाषा आहेत, कुठे तरी काहीतरी जुळणारच. ‘नारळ’ आणि ‘नरकासुर’ जुळवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. पण घरी येऊन कोश उघडले तेव्हा कळलं की हा योगायोग नाही (निदान अर्धा नाही, त्यावर पुढे येतो). आणि मी शोधायला बसलो होतो ते इंग्रजी ‘जिंजर’ही त्याच गड्ड्याला फुटलेलं बोट निघालं.

मागे मागे जाऊ. आजचं इंग्रजी ‘जिंजर’. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी औषधी पोथ्यांत तेच ‘गिंगिफेर’ असं दिसतं. पुढे नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंचातलं ‘जिंजिव्र’, ‘जिंजांब्र’ असं रूप येऊन त्यात मिसळलं. ही दोन्ही लॅटिनच्या उत्तरकालीन ‘गिंगिबेर’वरून आली. त्याच्या आधी लॅटिनमध्ये ‘झिंगिबेर’, ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’. ग्रीकांनी हा शब्द मालाबरोबर उचलला. तो आपल्याकडच्या प्राकृतातला. पालीत तो ‘सिंगिवेर’ असा आहे. संस्कृतात ‘शृंगवेर’. आणि त्याच्याही मागे दक्षिणेतला ‘इंजी’ अधिक ‘वेर’.

म्हणजे शब्दाचं मूळ शोधत गेलो तर शेवटी शब्दाचा अर्थच मूळ! इंग्रजीत कोणी ‘जिंजर रूट’ म्हणतं तेव्हा ते ‘आलंमूळ-मूळ’ म्हणत असतं. आपल्या पावरोटीसारखं. पाव म्हणजे पोर्तुगीज भाकरी, वर आपली रोटी.

अ‍ॅलन रॉस नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये या एका शब्दावर आख्खं पुस्तक काढलंय. उच्चभ्रू इंग्रज कुठले शब्द वापरतात आणि बाकीचे कुठले, या विषयावर पुढे गाजला तोच हा. आल्यावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला तरी आपुलकी वाटते.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर कान धरावा.

--

वरणभात:

म्हणजे इतकी वर्षं आपण चहात मूळ घालत होतो आणि घरची म्हणत होती आलं घाला. धागा आवडला. अजून येऊ द्या.

--

जुनी पोथी:

लेखन रोचक आहे, पण एका जागी थांबावंसं वाटतं. ‘शृंगवेर’ला दक्षिणेकडे कशाला पाठवता? अमरकोशात ‘आर्द्रकं शृङ्गबेरं स्यात्’ असं स्वच्छ दिलं आहे. शृंग म्हणजे शिंग, बेर म्हणजे शरीर. ज्याचं अंग शिंगासारखं ते शृंगबेर. आल्याचा गड्डा समोर ठेवून बघा, हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले असतात. ‘बेर’ हा शब्दही काल्पनिक नाही. दक्षिणेतल्या देवळांत गाभाऱ्यातल्या अचल मूर्तीला मूलबेर आणि पालखीतल्या मूर्तीला उत्सवबेर म्हणतात. व्युत्पत्ती घरात बसलेली असताना बाहेर धुंडाळायचं कारण कळलं नाही.

अलीकडे प्रत्येक संस्कृत शब्द द्राविडी ठरवायची टूम निघाली आहे, हेही नमूद करतो.

--

सीमेवरचा:

पोथीकाका, रागावू नका, पण ‘घरात बसलेली’ व्युत्पत्तीच जास्त संशयास्पद असते. लोक अनोळखी शब्द ऐकतात, तो जिभेवर नीट बसत नाही, मग ओळखीच्या तुकड्यांत कापतात. आमच्या बेळगावकडे किती इंग्रजी शब्दांचं असं झालंय ते सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

शिवाय पाली रूप बघा. ‘सिंगिवेर’. मधला ‘इ’ कुठून आला? ‘शृंग’वरून सरळ निघालं असतं तर ‘सिंगवेर’ व्हायला हवं होतं. तो ‘इ’ इंजीतला आहे.

अवांतर: आमच्याकडे कानडीत ओल्या आल्यालाही शुंठीच म्हणतात, ‘हसी शुंठी’. हसी म्हणजे कच्ची, ओली. म्हणजे शब्दशः ‘ओली सुंठ’! पहिल्यांदा सासरी गेलेल्या माझ्या मराठी वहिनीला हे ऐकून हसू आवरेना. सासूबाईंनी हसी शुंठी आण म्हटल्यावर ती डब्यातली वाळकी सुंठ घेऊन उभी.

--

जुनी पोथी:

‘इ’चा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पण मग मला हे सांगा, तमिळमध्ये ‘इंजी’ आहे, ‘सिंजी’ नाही. सुरुवातीचा ‘श’ किंवा ‘स’ संस्कृतानं आणि पालीनं हवेतून काढला काय?

--

दंडकारण्य:

पोथीकाकांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. याचं उत्तर मला गडचिरोलीत सापडलं, तेही पहिलीच्या वर्गात.

मी तिकडे सहा वर्षं शिक्षक होतो. पोरं घरी गोंडी बोलायची. मी त्यांना मराठी आकडे शिकवायचो आणि ती मला गोंडी: उंदी, रंड, मूंड, नालुंग, सैयुंग, सारुंग. वर्गात तमिळ येणारं कोणी नव्हतं, पण मी मिलिटरीतल्या वडलांमुळे लहानपणी तीन वर्षं चेन्नईजवळ काढलेली. माझ्या डोक्यात आपोआप दोन्ही रांगा शेजारी लागायच्या. चारपर्यंत दोन्हीकडचं नातं सरळ दिसतं, नालुंग आणि ‘नालु’. पाचाला तमिळमध्ये ‘ऐंदु’, गोंडीत ‘सैयुंग’. सहाला तमिळ ‘आरु’, गोंडी ‘सारुंग’. दोन्हीकडे गोंडीत पुढे एक ‘स’ उभा आहे आणि तमिळमध्ये तो नाही.

तेव्हा मला वाटायचं गोंडीनं ‘स’ चिकटवला. प्रकरण उलटं आहे. मूळ द्राविड भाषेत या शब्दांच्या सुरुवातीला ‘च’सारखा एक वर्ण होता. गोंडीत त्याचा ‘स’ होऊन राहिला, तमिळ आणि तिच्या जवळच्या भाषांत तो पुष्कळ शब्दांतून गळून पडला. भद्रिराजू कृष्णमूर्तींसारख्या द्राविड भाषांच्या अभ्यासकांनी हे पद्धतशीर मांडलंय. ‘इंजी’ त्याच माळेतला. त्याचं जुनं रूप ‘चिंकी’सारखं धरतात.

म्हणजे ‘स’ हवेतून आला नाही. उत्तरेकडे शब्द गेला तेव्हा तो होता, आणि पालीनं तो जपला. दक्षिणेत पुढे तो झिजला. उसना दिलेला दागिना शेजारणीकडे शाबूत राहावा आणि आपल्या घरचा हरवावा, तसं झालं. यावरून हा व्यवहार किती जुना असेल तेही कळतं. तमिळनं ‘स’ टाकण्याच्या आधीचा.

--

खलबत्ता:

दंडकारण्य, साष्टांग नमस्कार. सारुंग-आरु हे मला कुठल्याही कोशात इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

आता मी वर ‘योगायोग निदान अर्धा नाही’ असं म्हटलं होतं ते फोडतो. फिनिशांनी ‘इंकिवॅरी’ तमिळकडून घेतलेला नाही, उघड आहे. तो स्वीडिश ‘इंगेफॅरा’वरून आला, आणि स्वीडिशांकडे उत्तर जर्मनीतून. जर्मनमध्ये आज ‘इंगवेर’ म्हणतात. पण जुन्या जर्मनमध्ये तोच शब्द ‘गिंगिबेरो’ होता! लॅटिनवरून आलेला, पुढे ‘ग’ असलेला. मधल्या काही शतकांत जर्मनांनी पहिला ‘ग’ गाळला.

म्हणजे तमिळनं आपल्या घरी पहिलं व्यंजन टाकलं आणि हजारो मैलांवर, हजारभर वर्षांनी, जर्मननं एकमेकांचा काहीही संबंध नसताना तेच केलं. डोकं उडवलेले दोन शब्द पुन्हा एकमेकांसारखे दिसायला लागले. इंजिवेर, इंगवेर. शब्दाचं नातं खरं आहे, चेहऱ्यातलं साम्य मात्र अपघाती. आतेभावांचे चेहरे जुळावेत, पण ते दोघांनाही एकाच वेळी टक्कल पडल्यामुळे.

सहकाऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, “आम्ही पहिल्यांदा टाकला.” असो.

--

वरणभात:

टक्कल हे उदाहरण धागाकर्त्यानं स्वानुभवातून दिलंय का? हलकं घ्या.

--

जुनी पोथी:

गोंडीचा पुरावा वजनदार आहे, मान्य करतो. ‘शृंगवेर’ हे ऐकलेल्या शब्दाला संस्कृतानं चढवलेलं वस्त्र असावं. पण वस्त्र छान बेतलंय हे तुम्हीही मान्य करा. शिंगाची कल्पना सुचणारा माणूस आल्याकडे बघत होता, एवढं नक्की.

एक गंमत राहून जायला नको. रामायणात वनवासाला निघालेले राम, लक्ष्मण, सीता गंगाकाठी ज्या निषादराज गुहाच्या गावी येतात त्याचं नाव शृंगवेरपूर. प्रयागराजजवळचं आजचं सिंगरौर. गावाचं नाव स्थानिक लोक ऋष्यशृंगाशी जोडतात. पण शब्द म्हणून बघितला तर अक्षरशः ‘आलेगाव’. लहानपणापासून ही कथा ऐकतो आहे, पण शृंगवेरपूर म्हणताना आलं कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. आता ते जायचं नाही. याचं पाप धागाकर्त्याच्या माथी.

--

गादीवाफा:

मी आलं लावतो. सातारा जिल्हा, कोरेगावकडं. भाषेतलं फार कळत नाही, पण एक तक्रार नोंदवतो. आलं मूळ नाही हो. ते जमिनीखालचं खोड. मुळं येगळी असतात, पांढरी, दोऱ्यागत, गड्ड्याच्या बुडाशी. काढणीला ती तोडूनच टाकतो आम्ही.

मूळ असतं तर त्याला डोळे आले असते का? अक्षय्य तृतीयेच्या मागंपुढं बेणं लावतो तेव्हा पंचवीस ते पन्नास ग्रॅमचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर दोन-तीन डोळे फुगलेले बघायचे. डोळा नसेल तर तुकडा नुसता कुजतो. बियाणं नावाचा प्रकार नाही, दरसाली गड्ड्यातनं गड्डा. आमच्याकडं माहीम जात जास्त. दर पडला की गड्डा जमिनीतच ठेवून वाट बघायची, तेही जमतं या पिकाला. पण लई दिवस ठेवलं की कूज लागते आणि मग वास सुटतो. मग दर असो नसो, काढावंच लागतं.

--

खलबत्ता:

गादीवाफा, तुमची तक्रार शंभर टक्के खरी. ‘वेर’ म्हणणाऱ्यांनी जमिनीखाली असेल ते सगळं मूळ असा हिशोब केला. बुद्धाच्या संघातही हाच हिशोब दिसतो. विनयपिटकातल्या महावग्गात भिक्षूंना कुठली ‘मूळ औषधं’ जवळ ठेवायला परवानगी आहे त्याची यादी आहे: हलिद्दी, सिंगिवेर, वच, अतिविस, कटुकरोहिणी, उसीर, भद्दमुत्तक. म्हणजे हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. हळद आणि आलं दोन्ही खोडंच, पण यादीत ‘मूळ’.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आजीचं बटव्याचं पुडकं आठवलं. कुटकी सोडली तर बाकी सगळं त्यात सापडलं असतं.

तुम्ही ‘बियाणं नाही, गड्ड्यातनं गड्डा’ म्हणालात तेही या शब्दाच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. आलं रानात आपसूक वाढलेलं कुठेच सापडत नाही. माणसानं गड्डा हातातून हातात दिला तेव्हाच ते पुढे गेलं. अमुक एक डोंगर दाखवून ‘हे आल्याचं माहेर’ म्हणायची सोय नाही.

--

अत्तरदाणी:

थांबा थांबा. यादीत ‘उसीर’ म्हणजे वाळा आहे, आणि त्यावरून कोणी बोललं नाही?

वाळ्याला इंग्रजीत ‘वेटिव्हर’ म्हणतात. माझा धंदा अत्तराचा, त्यामुळे हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडी येतो. तो तमिळ ‘वेट्टिवेर’वरून फ्रेंचात आणि मग इंग्रजीत गेला. शेवटचा ‘वेर’ तोच, मूळ. वाळ्याच्या बाबतीत तर हिशोबही बरोबर आहे, कारण वाळा खरोखर मुळंच. गादीवाफ्यांना तक्रार करायला जागा नाही.

म्हणजे पालीच्या त्या एका ओळीत आलं आणि वाळा शेजारी शेजारी आहेत, आणि दोघंही इंग्रजीत गेले ते शेपटीला ‘वेर’ लावून. फरक एवढाच की वाळा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गेला, म्हणून त्याचं ‘वेर’ अजून धडधाकट ऐकू येतं. आलं दोन हजार वर्षांपूर्वी निघालं, त्याचं ‘वेर’ घासून घासून ‘जिंजर’मधल्या शेवटच्या ‘अर’पुरतं उरलं.

दुसरं एक. आमच्याकडे संभाजीनगरात जुन्या शहरात युनानी दवाखाने आहेत. तिथे पोटासाठी ‘जवारिश जंजबील’ मिळतं. चिकट, गोड, तिखट. हे ‘जंजबील’ म्हणजे अरबी-फारसीतलं आलं. कुराणात जन्नतमधल्या पेयाचं वर्णन येतं, त्यात ‘झंजबील’ मिसळलेलं असतं असा उल्लेख आहे (सूरा ७६). हाही शब्द त्याच सिंगिवेरच्या घराण्यातला, फक्त शेवटच्या ‘र’चा ‘ल’ झालेला. इथून गेला आणि हकिमांच्या बरणीतून परत आला. ज्या गल्लीत दवाखाना आहे त्याच गल्लीच्या तोंडाला वाण्याकडे सुंठ मिळते. दोघांनाही ठाऊक नसेल की ते एकच माल विकतात, एक ओल्या शब्दात, एक वाळल्या.

--

एक_वाचक:

मी कुठेतरी वाचलं होतं की झांझिबारवरून जिंजर आलं. आवाज पण जुळतो. मसाल्याचं बेट आहे ना ते?

--

खलबत्ता:

आवाज जुळतो हे खरं, आणि हा समज जुना आहे. पण झांझिबार हे फारसी ‘झंग’ आणि ‘बार’. झंग म्हणजे पूर्व आफ्रिकेतले काळे लोक, बार म्हणजे किनारा. जसा मलबार. आणि मसाल्याचं बेट म्हणून ते प्रसिद्ध झालं लवंगांमुळे, तेही एकोणिसाव्या शतकात. तोवर रोमन लोक ‘झिंगिबेर’ म्हणत म्हणत मेलेही होते.

गैरसमजाला खतपाणी मात्र रोमन काळातच मिळालं. आलं त्यांच्याकडे अरब व्यापाऱ्यांच्या हातून, तांबड्या समुद्रामार्गे यायचं. माल जिथून हातात पडतो तिथेच पिकतो असं गिऱ्हाइकाला वाटतं. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की हे अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या किनाऱ्यावर पिकतं. पुढे तो जे लिहितो ते वाचून मला त्याच्याबरोबर मंडईत गेल्यासारखं वाटलं. म्हणतो, चवीला मिऱ्यासारखं असतं, घेताना किडलेले तुकडे घेऊ नका. आणि लवकर खराब होतं म्हणून काही जण ते मुरवून, मातीच्या भांड्यांत भरून इटलीला पाठवतात. लोणचं म्हणा ना सरळ.

त्याच्याच काळातला रोमन लेखक प्लिनी भावही देतो. आलं एका रोमन पौंडाला ६ दिनार, काळी मिरी ४, पांढरी ७, पिंपळी १५. म्हणजे आलं मिऱ्याच्या दीडपट. शिवाय तो लोकांना बजावतो की काही जण समजतात तसं आलं म्हणजे मिऱ्याच्या झाडाचं मूळ नव्हे. इटलीत मिरीही तिखट, आलंही तिखट, आणि झाड दोन्हींपैकी एकाचंही कोणी बघितलेलं नाही. गैरसमज न झाला तरच नवल.

--

शब्दवेडी:

उशिरा आले, पण आल्यावर उशीर चालतो.

मी बर्मिंगहॅमजवळ राहते, शाळेत शिकवते. इंग्रजीतल्या ‘जिंजर’च्या नावाखाली वावरणाऱ्या तोतयांची यादी करून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्यावर वेगळा धागा काढेल.

‘जिंजरली’, म्हणजे हलक्या हातानं, जपून. याचा आल्याशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचातल्या ‘नाजूक, सुरेख’ अशा अर्थाच्या शब्दाकडे तो बोट दाखवतो. ‘जिन’ ही दारूही नाही. ती जुनिपरच्या फळांवरून, डच ‘जेनेव्हर’मार्गे. लाल केसांच्या मुलांना इथे ‘जिंजर’ म्हणतात ते मात्र आल्याच्याच शब्दावरून, रंगासाठी. माझ्या वर्गात एक आहे. तो चिडतो, म्हणून मी वर्गात हा विषय काढलेला नाही.

आणि खरा मौजेचा तोतया म्हणजे ‘जिंजरब्रेड’. नाताळात इथे दुकानं त्यांनी भरलेली असतात. नाव जिंजर-पाव, आणि प्रत्यक्षात कडक बिस्किट किंवा केक, पावाचा पत्ता नाही. कारण तो ‘ब्रेड’ मुळात ब्रेड नव्हताच. जुन्या फ्रेंचात ‘जिंजांब्रा’ नावाचा पदार्थ होता, साखरेत मुरवलेलं आलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘गिंगिब्राटुम’. इंग्रजांच्या कानाला शेवटचा ‘ब्रा’ अर्धवट वाटला, त्यांनी त्याला ‘ब्रेड’ करून टाकलं. आणि नाव ब्रेड झाल्यावर पदार्थालाही हळूहळू पिठाचा व्हावं लागलं!

मुरवलेलं गोड आलं म्हणजे काय ते सांगायला नको. महाबळेश्वरहून येताना घाटात खिडकीतून घेतलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आलेपाक. जिंजरब्रेड म्हणजे मूळचा आलेपाक. आता दर डिसेंबरला त्या घरकुलाच्या आकाराच्या बिस्किटांकडे बघून मला तोच आठवणार.

पोथीकाका, तुमच्या शृंगवेरचाही हाच प्रकार. ‘वेर’ कळेना म्हणून ‘शरीर’ केलं. इकडे ‘ब्रा’ कळेना म्हणून पाव केला.

--

जुनी पोथी:

फरक आहे. आम्ही शिंगाचं नाव देऊन आल्याला शिंगं फुटायला लावली नाहीत. इंग्रजांनी पदार्थच बदलला.

--

सीमेवरचा:

हा षटकार होता. टाळ्या.

--

वरणभात:

पण मग मराठीत हा शब्द का नाही आला? सगळ्या जगात सिंगिवेर फिरलं आणि आपल्या ताटात आलं. दिव्याखाली अंधार?

--

दंडकारण्य:

आपल्याकडे दुसऱ्या शब्दानं बाजी मारली. ‘आर्द्रक’, म्हणजे ओलं. हिंदी अदरक, गुजराती आदु, मराठी आलं, सगळी त्याची लेकरं. हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृताच्या व्याकरणात ‘आर्द्र’ची रूपं दिली आहेत: अद्द, अल्ल, उल्ल, ओल्ल. ‘अद्द’वरून हिंदी-गुजरातीकडे गेलात. ‘अल्ल’वरून आपलं आलं. ‘ओल्ल’वरून आपलं ओलं. तेव्हा ‘ओलं आलं’ म्हणताना आपण एकाच शब्दाची दोन मुलं हाताला धरून चालत असतो. सीमेवरच्यांच्या ‘ओल्या सुंठी’ला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

वापराचा भागही आहे. ओल्या गड्ड्याचं नाव आलं, वाळवलेल्याचं सुंठ. स्वयंपाकघराला दोन शब्द पुरले. तिसरा शृंगवेर वैद्यांच्या श्लोकांत राहिला.

--

गादीवाफा:

आता कळलं. सुंठीवाचून खोकला जातो तो असा, शृंगवेरावाचून आपलं भागलं.

माझी नात शेजारी बसून हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवत होती. ती विचारते, पाकिटावर ‘जिंजर गार्लिक पेस्ट’ मराठीत लिहिलेलं असतं ते मग परदेशी का देशी? मी म्हणलं, गेलेलं बेणं परत आलंय.

--

अत्तरदाणी:

परत आलंय, पण ‘वेर’ तिकडेच ठेवून.

--

खलबत्ता:

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शब्दवेडींच्या जिंजरब्रेडनंतर मला राहवलं नाही, म्हणून काल संध्याकाळी परत त्याच दुकानात गेलो. इथेही नाताळाची ती बिस्किटं रचून ठेवली होती. डबा उलटून घटकपदार्थ वाचले. त्यात ‘इंकिवॅरी’ आहे, दालचिनी आहे, लवंग आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव मात्र ‘पिपरकाक्कु’. पिपर म्हणजे मिरी, काक्कु म्हणजे केक. मी उचललेल्या डब्यात मिऱ्याचा कणही नाही.

मग ऑफिसात एका ग्रीक बाईंना विचारलं, तुमच्याकडे आल्याला काय म्हणतात? मला वाटलं, जिथून ‘झिंगिबेरिस’ युरोपात शिरलं तिथे तरी ते टिकून असेल. त्या म्हणाल्या, ‘पिपेरोरिझा’. मिऱ्याचं मूळ.

प्लिनीनं बजावून साडेएकोणीसशे वर्षं झाली.